पितरांची दुपार मोजणारे भास्कराचार्य

अमावास्येला पृथ्वीवरून चंद्र दिसत नाही, तेव्हा चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर भर दुपार असते. ही गोष्ट बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी श्लोकात बांधून ठेवली, आणि तीही पितृलोकाचे वर्णन करताना. न पाहिलेल्या, किंबहुना केवळ कल्पनेतल्या जगाला खऱ्या खगोलगणिताचे आकाश देण्याचे असे उदाहरण त्या काळात विरळाच सापडते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. ही नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच गुरू. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव, असेही ते सांगतात. हे गाव नेमके कोणते, यावर विद्वानांनी भरपूर शाई खर्च केली. पण घराण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मिळतो तो खानदेशात. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या डोंगरात असलेल्या पाटण येथील शिलालेखात या कुळाची वंशावळ कोरलेली आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. तेव्हा पाटण हे धुळे येथे मुख्यालय असलेल्या खानदेश जिल्ह्यात होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ ची.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. यांपैकी लोकांच्या ओठी राहिली ती 'लीलावती'. घटिकापात्रात मोती अडकून मुलीच्या विवाहाचा मुहूर्त टळला, ही तिच्याशी जोडलेली कथा मात्र फैजीने अकबरासाठी १५८७ मध्ये केलेल्या फार्सी भाषांतरातून पुढे पसरली. खुद्द ग्रंथात ती नाही.

ग्रंथात आहेत त्या चिमुकल्या काल्पनिक सृष्टी. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे आणि साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. गाठ बिळापासून बारा हातांवर पडते, आणि ताळा करून पाहिला तर दोघांनीही पंधरा-पंधरा हात अंतर कापलेले असते. तळ्यातले कमळ पाण्यावर अर्धा हात डोकावते आणि वाऱ्याने कलून दोन हातांवर बुडते. पाणी पावणेचार हात खोल. दोघांचा वेग सारखा, ही अट काढली तर मोराचे सगळे चित्र कोसळते. कल्पनेला मोकळीक आहे, पण एकदा घातलेला नियम शेवटपर्यंत पाळायचा, ही शिस्त या ग्रंथाच्या पानोपानी दिसते.

तीच शिस्त गोलाध्यायात विश्वाच्या पातळीवर आली, आणि तिथे प्रकरण नाजूक होते. एका बाजूला पुराणांतले मेरू, पितृलोक आणि राहू. दुसऱ्या बाजूला गोल पृथ्वीचे गणित. पृथ्वी कशावर टेकली आहे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर सरळ आहे. तिला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार लागतो आणि ही साखळी संपत नाही. म्हणून पृथ्वी स्वतःच्याच शक्तीने आकाशात आहे. ती खाली पडते आहे, असे म्हणणाऱ्या बौद्धांना त्यांनी विचारले, की मग वर फेकलेली जड वस्तू तिच्यावर परत कशी येते? पृथ्वी सपाट का दिसते, याचेही कारण त्यांनी दिले. परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि माणूस त्याहून अधिक काही पाहत नाही.

मेरू पर्वताच्या आड सूर्य गेल्याने रात्र होते, ही समजूत त्यांनी खोडून काढली. तसे असेल तर मध्ये येणारा तो सोन्याचा डोंगर दिसत का नाही? मात्र मेरू त्यांनी टाकून दिला नाही. परंपरेप्रमाणे तो उत्तर ध्रुवावर ठेवला आणि तेथील आकाश मांडले. देवांचा दिवस सहा महिन्यांचा, हे पुराणवचन तिथे अक्षरशः खरे ठरते. विषुववृत्तावर एकमेकांपासून नव्वद अंशांवर चार नगरे त्यांनी मानली. लंकेत सूर्योदय, तेव्हा यमकोटीत मध्यान्ह, सिद्धपुरीत सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र. नगरे कल्पित, वेळा बिनचूक.

पितृलोकाचे वर्णन यातलेच, आणि सर्वांत देखणे. पितर चंद्राच्या वरच्या भागावर, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवर राहतात, असे मानले तर त्यांचा दिवस कसा असेल? अमावास्येला सूर्य त्यांच्या डोक्यावर, पौर्णिमेला मध्यरात्र. कृष्ण पक्षाच्या मध्याला सूर्योदय, शुक्ल पक्षाच्या मध्याला सूर्यास्त. म्हणजे आपला एक चांद्रमास हा त्यांचा एक अहोरात्र. अमावास्येला श्राद्ध करण्याच्या रूढीशी हे चपखल जुळते. पितर चंद्रावर राहतात ही कल्पना त्यांच्या आधीची; पण तिथल्या दिवसाचे चारही प्रहर त्यांनी कारणांसह जुळवून दाखवले. जर्मन खगोलज्ञ केप्लरने असाच प्रयोग 'सोम्नियम' या कथेत केला, तो त्याच्या मृत्यूनंतर १६३४ मध्ये छापला गेला. विज्ञानकथेचा पूर्वज म्हणून तिचे नाव घेतले जाते. मराठी वाचकाने त्या यादीत गोलाध्यायाचे हे श्लोकही घालायला हरकत नाही. सोव्हिएत रशियाच्या 'लुना-३' या यानाने ७ ऑक्टोबर १९५९ रोजी चंद्राच्या त्या बाजूची पहिली छायाचित्रे घेतली. अमावास्या होऊन पाचच दिवस झाले होते, आणि पितरांच्या अंगणात अजून ऊन होते.

हा समेट सर्वत्र साधला असे नाही. चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होते, हे ठणकावून सांगितल्यावर राहू ब्रह्मदेवाच्या वराने त्या सावलीत शिरतो, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. ही माघार शब्दांपुरतीच होती. ग्रहणाच्या गणितात राहूला कुठेही जागा दिलेली नाही. खरी चूक झाली ती यंत्राध्यायात. पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेले चाक आपोआप फिरत राहील, असे त्यांनी लिहिले. असे चाक फिरत नाही. मोराला आणि सापाला लावलेला काटेकोर ताळा त्यांनी या चाकाला लावला नाही, हे खरे.

'करणकुतूहल' हा पंचांगाच्या कामाचा ग्रंथ त्यांनी ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी रचला. त्यानंतर घराण्याची कीर्ती देवगिरीला पोचली. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेले; नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. याच चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ उभारला, आणि त्या भागावर राज्य करणाऱ्या निकुंभ वंशातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिले. पाटणच्या शिलालेखात या दानाचा तपशील आहे. वंशावळ संस्कृतात आहे. मठासाठी बाजारातून आणि तेलघाण्यांतून काय द्यायचे, तो भाग मात्र गावकऱ्यांना कळावा अशा जुन्या मराठीत कोरला आहे. दानाला मुहूर्त धरला होता तो श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचा.