चहाच्या जहाजावरची पुस्तकं

मागच्या मे महिन्यात मामाच्या मुलाची फर्स्ट कम्युनियन होती, म्हणून आम्ही चौघं बेळगावहून बोस्टनला गेलो. मामाकडे कुणी पाहुणं गेलं की तो एक दिवस जुनं बोस्टन दाखवतोच. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बंदरावर चहाचं जहाज, मग लाल विटांची रेघ. ही रेघ म्हणजे ‘फ्रीडम ट्रेल’. शहराच्या फुटपाथवरून ती जवळजवळ चार किलोमीटर जाते, आणि तिच्यावरून चालत गेलं की अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या काळातली १६ ठिकाणं लागतात.

चहाचं जहाज म्हणजे जुन्या जहाजाची प्रतिकृती. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या सुमारे ३४० पेट्या समुद्रात फेकल्या. शाळेत आपण हे दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. आता तिथे तिकीट काढून आपल्यालाही पेटी फेकता येते. पेटीला दोरी बांधलेली असते, त्यामुळे फेकली की परत वर ओढायची आणि पुढच्याच्या हातात द्यायची. माझ्या धाकट्या भावाने तीन वेळा फेकली. मम्मीला मात्र एवढा चहा वाया गेला याचंच वाईट वाटत होतं.

तिथून आम्ही ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये गेलो. १७२९ साली बांधलेलं हे विटांचं प्रार्थनामंदिर. आमच्या चर्चसारखं आत काही नाही. मूर्ती नाहीत, रंगीत काचा नाहीत. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं आणि वर गॅलऱ्या. चहा फेकला त्या दिवशी इथे पाच हजारांवर माणसं जमली होती आणि इथूनच ती बंदराकडे गेली. पप्पा हे सगळं वाचून दाखवत होते. मी जरा पुढे सरकले, आणि एका बाईचं नाव दिसलं. फिलिस व्हीटली. या चर्चची सभासद, कवयित्री, आणि गुलाम.

त्या रात्री मामाच्या घरी झोप येईना, म्हणून मी तिच्याबद्दल वाचत बसले. तेव्हा कळलं की चहा घेऊन जे पहिलं जहाज आलं, ते ‘डार्टमथ’, त्याच जहाजातून लंडनला छापलेल्या तिच्या कवितासंग्रहाच्या प्रतीही आल्या होत्या. चहा बुडाला, पुस्तकं वाचली. पण सकाळी आम्ही सहा जणांनी मिळून चहाच आठवला होता. पुस्तकं कुणालाच माहीत नव्हती. म्हणून हा लेख.

फिलिसचा जन्म साधारण १७५३ सालचा, पश्चिम आफ्रिकेतला. गाव माहीत नाही. आईबापांनी ठेवलेलं नाव माहीत नाही. ११ जुलै १७६१ ला गुलामांचं एक जहाज बोस्टनला लागलं. आपल्याकडे पानिपत झालं, तेच वर्ष. त्या जहाजावर एक किडकिडीत मुलगी होती. तिचे पुढचे दात पडलेले होते, त्यावरून ती सात वर्षांची असावी असा लोकांनी अंदाज बांधला. जॉन व्हीटली नावाच्या सधन माणसाने आपल्या बायकोसाठी, सुझानासाठी, तिला विकत घेतलं. जहाजाचं नाव ‘फिलिस’ होतं. तेच नाव मुलीला दिलं. आडनाव मालकाचं. ज्या जहाजाने तिला आईपासून तोडलं, त्याच्या नावाने तिला आयुष्यभर हाक मारली गेली. मी हे वाक्य दोनदा वाचलं.

तिच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी छापलेल्या एका चरित्रात असं आहे की लहानपणची तिला एकच गोष्ट आठवायची. तिची आई रोज पहाटे उगवत्या सूर्यासमोर पाणी ओतायची. आमच्या शेजारच्या आजी रोज सकाळी अंगणात तांब्यातून अर्घ्य देतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. हे वाचताना त्याच डोळ्यांसमोर आल्या.

व्हीटलींच्या घरी तिला घरकामासाठी आणलं होतं. पण त्यांची मुलगी मेरी तिला वाचायला शिकवू लागली. सोळा महिन्यांत ती बायबलमधले अवघड उतारे वाचायला लागली. पुढे लॅटिनही शिकली. १७६७ च्या डिसेंबरमध्ये न्यूपोर्टच्या एका वर्तमानपत्रात तिची पहिली कविता छापून आली. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. १७७० मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड या गाजलेल्या धर्मोपदेशकाचं निधन झालं, त्याच्यावर तिने लिहिलेलं शोकगीत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्येही पोचलं. १७७१ मध्ये ओल्ड साउथमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला.

आता इथे मला थोडं थांबावं लागतं. आफ्रिकेतून अमेरिकेला आणलं जाण्यावर तिची एक छोटी कविता आहे. तिच्यात ती म्हणते की देवाच्या दयेनेच मी त्या देशातून इथे आले आणि तारणहाराची मला ओळख झाली. कॅथलिक घरातली मुलगी म्हणून मला यावर खूश व्हायला हवं होतं. पण मला ते टोचलं. माणसांना साखळ्या घालून आणण्यात देवाची दया कुठली? रागाने मी मोबाईल उलटा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा वाचली, तेव्हा शेवट नीट कळला. शेवटी ती ख्रिस्ती लोकांनाच बजावते की काळ्या माणसांनाही स्वर्गाच्या वाटेवर जागा आहे, हे विसरू नका. म्हणजे मालकाच्या घरात, मालकाच्या भाषेत, मालकाच्याच धर्माचा दाखला देऊन एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी त्याला आरसा दाखवत होती. याहून मोठ्याने बोलणं तिला परवडणारं नव्हतं.

१७७२ मध्ये बोस्टनमध्ये तिचं पुस्तक काढायचं ठरलं, पण पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. एका गुलाम मुलीने हे लिहिलं यावर लोकांचा विश्वासच बसेना. मग शहरातल्या १८ प्रतिष्ठित पुरुषांनी सह्या करून एक दाखला दिला की या कविता खरोखर तिच्याच आहेत. त्यात गव्हर्नर थॉमस हचिन्सन होते, जॉन हँकॉक होते आणि तिचा मालकही होता. हा दाखला पुस्तकाच्या सुरुवातीला छापला आहे. कवितांच्या आधी. ही १८ सह्यांची गोष्ट वाचून मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

१७७३ च्या मे महिन्यात मालकाचा मुलगा नॅथॅनियल याच्याबरोबर फिलिस लंडनला गेली. तिथे तिचं कौतुक झालं. बेंजामिन फ्रँकलिन भेटले. गुलामांच्या बाजूने कोर्टात लढणारे ग्रॅनव्हिल शार्प यांनी तिला टॉवर ऑफ लंडन दाखवला. ब्रुक वॉटसन या व्यापाऱ्याने तिला मिल्टनच्या ‘पॅरेडाइज लॉस्ट’ची मोठी देखणी प्रत भेट दिली. आदल्याच वर्षी तिथल्या कोर्टाने निकाल दिला होता की इंग्लंडमध्ये आलेल्या गुलामाला मालक जबरदस्तीने देशाबाहेर नेऊ शकत नाही. म्हणजे ती तिथेच राहू शकली असती. पण सुझाना आजारी असल्याची बातमी आली आणि पुस्तक छापून होण्याआधीच ती परत निघाली. सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास इकडे पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या माणसाचा हा पहिला छापील कवितासंग्रह.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत, लंडनमधल्या मित्रांच्या आग्रहामुळे, मालकाने तिला मुक्त केलं. इथे मला तिची हुशारी सगळ्यात जास्त आवडली. मुक्तीच्या कागदाची एक नक्कल तिने लंडनला एका ओळखीच्या माणसाकडे पाठवून ठेवली, म्हणजे उद्या बोस्टनमध्ये कुणी कागद नाकारला तरी पुरावा राहावा. पुस्तकाच्या विक्रीतला अर्धा वाटा तिचा होता, आणि आता पोट त्यावरच भरायचं होतं. म्हणून ती ओळखीच्यांना पत्रं लिहून गिऱ्हाईक मिळवायला सांगत होती. चोरून छापलेल्या प्रती कुणी विकू नयेत म्हणून खऱ्या प्रतींवर सही करत होती. अशा वेळी २८ नोव्हेंबरला ‘डार्टमथ’ बोस्टनला लागलं. शहरातले सगळे त्यातल्या चहाबद्दल बोलत होते. ती मात्र त्यातल्या आपल्या पुस्तकांची वाट पाहत होती.

१७७४ च्या मार्चमध्ये सुझाना वारली. त्याच महिन्यात फिलिसचं एक पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. ते तिने सॅमसन ऑकम या मूळनिवासी मोहिगन जमातीतल्या धर्मोपदेशकाला लिहिलं होतं. त्यात तिने आता आडपडदा ठेवला नाही. देवाने प्रत्येक माणसाच्या मनात स्वातंत्र्याची ओढ ठेवली आहे, असं ती लिहिते, आणि स्वतःसाठी स्वातंत्र्य मागत दुसऱ्यांवर जुलूम करणाऱ्यांची विसंगती दाखवते. मुक्तीचा कागद हातात आल्यावरचा हा आवाज आहे.

पुढच्या वर्षी तिने जनरल जॉर्ज वॉशिंग्टनवर कविता लिहून त्यांना पाठवली. ते तेव्हा बोस्टनजवळ केंब्रिजमध्ये मुक्कामाला होते. वॉशिंग्टन स्वतः गुलामांचे मालक. तरी १७७६ च्या फेब्रुवारीत त्यांनी तिला आदराने उत्तर लिहिलं आणि भेटीचं आमंत्रण दिलं. त्यांच्या मुक्कामाचं ते घर अजून आहे. पुढे त्यातच कवी लाँगफेलो राहिले. मामाला गळ घालून मी दुसऱ्या दिवशी तिथे गेले.

युद्धात बोस्टनची धूळधाण झाली. इंग्रज सैन्याने ओल्ड साउथमधली बाकं काढून तिथे घोडे फिरवले. फिलिसला ओळखणारी माणसं पांगली किंवा वारली. १७७८ मध्ये जॉन व्हीटली आणि मेरी दोघंही गेले. त्याच वर्षी तिने जॉन पीटर्स या स्वतंत्र काळ्या माणसाशी लग्न केलं. व्यवसाय नीट चालला नाही, कर्ज वाढत गेलं. १७७९ मध्ये तिने दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली. त्यात ३३ कविता आणि १३ पत्रं असणार होती. यावेळीही वर्गणीदार मिळाले नाहीत. ते हस्तलिखित आजपर्यंत सापडलेलं नाही.

१७८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने गुलामगिरी तिथल्या राज्यघटनेत बसत नाही असं ठरवलं. ५ डिसेंबर १७८४ ला फिलिस वारली. वय फार तर ३१. तिची कबर कुठे आहे हे कुणाला माहीत नाही. मिल्टनचं ते पुस्तक नवऱ्याचं कर्ज फेडायला विकलं गेलं. आता ते हार्वर्डच्या ग्रंथालयात आहे. ती गेल्यावर थॉमस जेफरसननी आपल्या पुस्तकात लिहिलं की तिच्या कविता टीका करण्याच्याही लायकीच्या नाहीत. १८ सह्या असूनही तिच्यावरचा खटला चालूच राहिला.

बोस्टनमध्ये कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर २००३ पासून तिचा पुतळा आहे. हातात लेखणी, बोट गालाला टेकलेलं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिथे गेले. भावाने माझा फोटो काढला, तो मी कुठेच टाकला नाही.

आता वर्गातल्या मुलीबद्दल. नववीत माझ्या बाकावर खानापूरकडची एक सिद्दी मुलगी बसायची. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून जी माणसं आणली, त्यांचे वंशज खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात राहतात. त्यांच्यातले बरेच आमच्यासारखेच कॅथलिक आहेत. स्पोर्ट्स डे जवळ आला की सगळ्यांना ती आठवायची. वक्तृत्व स्पर्धेला कधीच नाही. वर्गाच्या हस्तलिखितासाठी तिने पावसावर मराठी कविता दिली, तेव्हा तिला सगळ्यांसमोर विचारलं गेलं की ही कुणाकडून लिहून आणलीस. ती म्हणाली, मीच लिहिली. कविता घेतली नाही. ती कविता तिने ऑफ पिरियडला माझ्या शेजारी बसून, खाडाखोड करत लिहिली होती. मी पाहिलं होतं. मी उठून एवढंच सांगायचं होतं. मी वहीत डोकं घालून बसले.

दहावीनंतर ती कुठे गेली मला माहीत नाही. जुन्या मैत्रिणींकडे चौकशी चालू आहे. नंबर मिळाला की हा अंक तिला पाठवणार आहे. ती कविता तिचीच होती. ही माझी सही, सात वर्षं उशिरा.