देवमाशाच्या पाठीची जहाजे : कॅप्टन अलेक्झांडर मॅकडूगल

मांडवीतून खनिज नेणारे बार्ज आपल्या शाळेच्या बहुतेक पालकांनी पाहिलेले आहेत. भरलेला बार्ज पाण्यात किती खोल बसतो हेही त्यांना ठाऊक आहे. अशीच खनिजाची वाहतूक अमेरिकेतील सरोवरांवर करताना एका कॅप्टनला निराळ्या आकाराचे जहाज सुचले. त्यांचा परिचय या अंकात आम्ही करून देत आहोत.

अलेक्झांडर मॅकडूगल यांचा जन्म १८४५ साली स्कॉटलंडच्या आयला बेटावर एका साध्या कुटुंबात झाला. ते नऊ वर्षांचे असताना घरची मंडळी कॅनडात गेली. पुढे वडील वारले, शाळा सुटली आणि मुलाला लोहाराच्या हाताखाली उमेदवारी करावी लागली. सोळाव्या वर्षी त्याने भाता सोडला आणि तो जहाजावर खलाशी झाला.

सरोवर म्हटले की आपल्याला मये आठवते. पण अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये जी पाच सरोवरे आहेत त्यांतले एकटे सुपिरियर सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे गोव्याच्या बावीसपट! तिथे समुद्रासारखी वादळे होतात. गहू, लाकूड, लोहखनिज आणि प्रवासी यांची ने-आण त्या काळी मुख्यतः याच पाण्यावरून चाले.

मॅकडूगल पंचविसाव्या वर्षी कॅप्टन झाले. १८७१ मध्ये बफेलो येथे ‘इंडिया’, ‘चायना’ आणि ‘जपान’ या तीन प्रवासी आगबोटी बांधल्या गेल्या. त्या कामावर त्यांनी देखरेख केली आणि पुढे ‘जपान’चे कप्तानपद सांभाळले. एवढ्या दूरच्या सरोवरात ‘इंडिया’ तरंगत होती हे वाचून आम्हांला गंमत वाटली.

मालाचे बार्ज आगबोटीमागे दोराने बांधून ओढत नेण्याची तिथे पद्धत होती. लाटांनी आणि वाऱ्याने ते भरकटत. त्यावर मॅकडूगल यांनी असा उपाय काढला की जहाजाचा तळ सपाट ठेवायचा, वरची बाजू देवमाशाच्या पाठीसारखी गोल करायची आणि पुढचे टोक निमुळते ठेवायचे. लाटेला अडवायचेच नाही, तिला पाठीवरून सरळ वाहून जाऊ द्यायचे. लोक हसले. त्या नाकाडामुळे या जहाजांना ‘डुकरी बोटी’ असे नाव पडले.

पैसेवाल्यांनी पाठ फिरवली तेव्हा त्यांनी स्वतःची पुंजी घातली. २३ जून १८८८ रोजी डलुथ येथे ‘१०१’ क्रमांकाचा पहिला बार्ज पाण्यात उतरला. आपली शेवटची कवडीही त्याबरोबर पाण्यात गेली, असे त्यांच्या पत्नीला वाटले म्हणतात. बार्ज उत्तम चालला. पुढच्याच वर्षी रॉकफेलर यांच्या वर्तुळातील धनिकांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. १८९१ मध्ये यांतलेच एक जहाज धान्य घेऊन थेट लिव्हरपूलला पोहोचले.

१८९३ साली, म्हणजे स्वामी विवेकानंद शिकागोला गेले त्याच वर्षी, तिथे जागतिक प्रदर्शन भरले होते. शहरातून प्रदर्शनाच्या जागेपर्यंत लोकांना नेण्यासाठी मॅकडूगल यांनी ‘ख्रिस्तोफर कोलंबस’ ही ३६२ फूट लांबीची प्रवासी आगबोट बांधून दिली. या घाटाची प्रवासी बोट जगात ही एकच. त्या हंगामात तिने लाखो प्रवासी वाहिले. पुढे ती शिकागो ते मिलवॉकी अशी अनेक वर्षे फिरली आणि १९३६ मध्ये मोडीत निघाली.

या जहाजांचा भारताशीही एकदा संबंध आला. १८९७ मध्ये आपल्याकडे भीषण दुष्काळ असताना ‘सिटी ऑफ एव्हरेट’ हे याच घाटाचे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून मदतीचा मका घेऊन कलकत्त्याला आले होते.

मग एवढे चांगले जहाज मागे का पडले? अडचण हॅचची होती. हॅच म्हणजे माल आत सोडण्याची आणि बाहेर काढण्याची डेकवरची तोंडे. गोल पाठीवर ती लहानच ठेवावी लागत. फावडी घेऊन माणसे खनिज उपसत होती तोवर भागले. १८९९ मध्ये धक्क्यावर एका घासात दहा टन उचलणारी हुलेट यंत्रे आली आणि त्यांचा जबडा या तोंडांत शिरेना. शिवाय सपाट डेकची जहाजे दरवर्षी लांब आणि रुंद होत चालली होती. १९०२ मध्ये ‘थॉमस विल्सन’ हे गोल पाठीचे जहाज डलुथजवळ टक्कर होऊन काही मिनिटांत बुडाले आणि नऊ जण दगावले. त्याआधीच नवी बांधणी थांबली होती. जेमतेम दहा वर्षांत अशी चाळीसहून अधिक जहाजे झाली होती. मॅकडूगल स्वतः डलुथच्या धक्क्यावर जहाजे भरण्या-उतरवण्याचा ठेका घेत असत. तरी धक्क्यावरचे काम एवढे बदलेल हे त्यांना दिसले नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

ते खचले मात्र नाहीत. पहिल्या महायुद्धात, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी डलुथजवळ पुन्हा जहाजबांधणी सुरू केली, ती नेहमीच्या घाटाची. २३ मे १९२३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जहाजांपैकी आज एकच शाबूत आहे. १८९६ मध्ये बांधलेल्या या ‘मीटिओर’ने खनिज, वाळू, मोटारी आणि शेवटी तेल वाहिले. १९६९ मध्ये ते खडकाला लागले आणि निवृत्त झाले. जिथे बांधले त्याच सुपिरियर गावी ते आता संग्रहालय म्हणून उभे आहे.