तीन मिनिटांच्या तबकडीतले खाँसाहेब

मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसाच्या दिवसांत तिथे रात्र रात्र गाणे चालते. नावाजलेले गवई येतात, बिदागीची बोलणी न करता हजेरी लावतात आणि गाऊन झाले की आवारातल्या एका कबरीपुढे मान झुकवून परततात. ही कबर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. हिंदू-मुसलमान, मराठी-कानडी असे सगळे त्यांना नुसते खाँसाहेब म्हणतात.

खाँसाहेबांचा जन्म 1872 सालचा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. घरात पिढ्यान्पिढ्या गाणे आणि सारंगी. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारी गायक झाले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या. दोघांनी लग्नाचा निर्णय घेतला आणि त्यापायी बडोदे सोडावे लागले. मुंबईमार्गे फिरत फिरत ते मिरजेशी जोडले गेले. प्लेगच्या दिवसांत आजारी पडलेल्या खाँसाहेबांनी दर्ग्यात बसून गाणे म्हटले आणि त्यांना उतार पडला, असे मिरजेत आजही सांगितले जाते. तेव्हापासून हा दर्गा त्यांच्यासाठी घरासारखा झाला.

याच सुमारास हिंदुस्थानात एक नवे यंत्र आले. 1902 च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीची माणसे कोलकात्यात उतरली आणि गौहरजान यांच्यासारख्या कलावंतांचे आवाज तबकड्यांवर उतरू लागले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. गायकाने त्यात तोंड घालून गायचे. आवाजाच्या जोराने पलीकडची सुई थरथरे आणि फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जाई. तबला किती मोठा आणि सारंगी किती बारीक ऐकू यावी, हे आज यंत्रावर ठरते. तेव्हा ते कोण कर्ण्यापासून किती अंतरावर बसतो त्यावर ठरे. चूक झाली तर पुसायची सोय नव्हती. मेण फेकून द्यायचे आणि पहिल्यापासून गायचे. कोरलेले मेण आगबोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई आणि लाखेच्या काळ्या तबकड्या होऊन परत येई. 1908 मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा कुठे हा फेरा संपला.

पुष्कळ उस्तादांना या यंत्राची धास्ती होती. यंत्र आवाज खाऊन टाकते असे काही जण मानत. बाकीच्यांची भीती जास्त व्यवहारी होती. घराण्याची चीज शिष्याला वर्षानुवर्षे सेवा केल्यावर मिळायची. ती दोन-तीन रुपयांत बाजारात मिळू लागली तर घराण्याकडे काय उरणार? शिवाय ज्या समाजात गाणारा माणूस नजरेसमोर बसलेला असायचा, तिथे आवाज माणसापासून सुटून परक्या घरात जाणार होता. खाँसाहेबांनी मात्र 1905 च्या सुमारास, तिशी नुकती ओलांडलेली असताना, कर्ण्यापुढे बसून आपला आवाज दिला.

अडचण वेगळीच होती. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. खाँसाहेबांचे गाणे एकेका सुराला गोंजारत, सावकाश पुढे सरकणारे. राग मांडायला तास लागला तरी त्यांना घाई नसे. स्वर नेमका लागण्याचे त्यांना वेड होते. तंबोऱ्याची जवारी ते स्वतः लावीत आणि बिघडलेली वाद्ये हाताने दुरुस्त करीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स श्रुतींचा अभ्यास करीत होते, तेव्हा त्यांना सूक्ष्म स्वर गळ्यातून काढून दाखवणारे खाँसाहेबच होते. अशा माणसाला घड्याळाकडे पाहून गाणे संपवायचे होते.

पहिल्या खेपेनंतरची वर्षे त्यांनी शिकवण्यात घालवली. 1913 मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. गरीब मुलांना तिथे शिक्षणाबरोबर जेवणखाणही मिळे. संस्था चालवायला खाँसाहेब गावोगाव जलसे करीत. पुढे ती बंद पडली. 1922 मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. हा घाव मोठा होता. ज्या मुलांना त्यांनी मांडीवर बसवून सूर दिला, ती आईबरोबर वाढली आणि सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे या नावांनी महाराष्ट्राला माहीत झाली. खाँसाहेब मिरजेत राहिले. दर्ग्यात गाणे, शिष्यांना तालीम आणि दक्षिणेचे दौरे, असा त्यांचा क्रम होता. म्हैसूर दरबारात त्यांचा मान होता. कर्नाटक संगीतही त्यांनी आपलेसे केले.

तिकडे ध्वनिमुद्रणाचे तंत्र पालटले होते. 1925 च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण सुरू झाले आणि कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला. आता ओरडायची गरज उरली नाही. हळुवार स्वर, श्वासाचे वळणसुद्धा टिपता येऊ लागले. 1930 च्या दशकात ओडियन कंपनीसाठी खाँसाहेब पुन्हा मुद्रणाला बसले. वय साठीच्या पुढे होते, तंत्र नवे होते, पण मिनिटे तीनच होती.

या वेळी त्यांनी तीन मिनिटांशी जुळवून घेतले ते थक्क करणारे आहे. तासाभराचा ख्याल कोंबून बसवण्याऐवजी त्यांनी रागाचा गाभा उचलला. पहिल्याच स्वरात राग उभा करायचा, दोन-चार जागा सावकाश दाखवायच्या आणि थांबायचे. बसंत, जोगिया, शुद्ध कल्याण, झिंझोटीतली ठुमरी आणि भैरवीतली ठुमरी अशा त्या तबकड्या. त्यांत मराठी नाट्यपदे आहेत आणि त्यागराजांच्या कृतीही आहेत. कैरान्याच्या मुसलमान गवयाने तेलुगू संतकवीची रचना गावी आणि ती मराठी घरातल्या फोनोवर वाजावी, हे त्या काळ्या तबकडीनेच घडवले.

उस्तादांची भीती अगदीच खोटी नव्हती. घराण्याची भिंत खरोखरच पडली. पण तिच्यातून बाहेर गेलेले गाणे नवे शिष्य घेऊन परत आले. गदगच्या एका लहान मुलाने दुकानात वाजणारी खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि त्याला गाण्याचे वेड लागले. घर सोडून गुरूच्या शोधात हिंडलेला तो मुलगा शेवटी खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायाशी जाऊन बसला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी.

ऑक्टोबर 1937 मध्ये खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. रमजानचा चांद दिसायला आठ-दहा दिवस उरले होते. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रात्री गाडीत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी कानड्यात अल्लाची प्रार्थना सुरू केली. गाता गाताच ते आडवे झाले आणि पुन्हा उठले नाहीत. ती 27 ऑक्टोबरची रात्र होती. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या सावलीत दफन करण्यात आले.

फलाटावरचे ते शेवटचे गाणे कोणत्याही यंत्राने टिपले नाही. त्याला तीन मिनिटांची मर्यादाही नव्हती. मोजक्या माणसांनी ते ऐकले आणि ते तिथेच विरले. तबकड्या मात्र मागे राहिल्या. लाखेवरून टेपवर, टेपवरून कॅसेटवर आणि आता खिशातल्या मोबाइलवर त्यांचा प्रवास झाला आहे. सुईची खरखर अजून ऐकू येते. तिच्या मागून, थोडा अनुनासिक, धारदार असा तो आवाज येतो आणि षड्जावर येऊन स्थिर होतो.