अर्ध्यावर राहिलेले धरण

ऑगस्ट 2019 मध्ये मी बेळगावनजीक कडोलीस गायनाच्या शिकवणीसाठी गेलो होतो, आणि परतीची वाट बंद झाली. निपाणीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले होते. घर कोल्हापुरात, पंचगंगेपासून फारसे दूर नाही. घरात वडिलांचा, दरबारी गवयाचा, तानपुरा. कडोलीच्या स्नेह्यांकडे बसून मी घरी फोनवर एकच गोष्ट विचारीत होतो, राधानगरीचे दरवाजे किती उघडले? त्या दिवसांत हे धरण आरंभिणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र मनात सारखे घोळत राहिले.

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये दत्तक येऊन छत्रपती झाले. 1894 मध्ये कारभार हाती आला, आणि दोनच वर्षांत दुष्काळ, त्यामागून प्लेग. लोकांना धान्य पुरवून वेळ निभावता येते, पण पाण्यावाचून दुष्काळ पुन्हा येणारच, हे या तरुण राजाने त्या वेळी ओळखले. 1902 मध्ये संस्थानाचे पाटबंधारे धोरण ठरले. विहिरी व तलावांची पाहणी झाली. मग मातीच्या बांधाच्या लहान तलावांवर न थांबता महाराजांनी भोगावतीवर मोठे दगडी धरण योजिले. कन्या राधाबाईंच्या नावाने राधानगरी वसविली.

अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गवयास आश्रय देणारा हा राजा खर्चाला भिणारा नव्हता. परंतु महायुद्ध आले, महागाई वाढली, आणि 1918 च्या सुमारास, भिंत 40 फुटांपर्यंत आली असता काम थांबले. 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराज निवर्तले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात.

आज या जलाशयात सुमारे 8 टी.एम.सी. पाणी मावते. ते नदीत सोडतात, खाली ठिकठिकाणचे कोल्हापुरी बंधारे ते अडवितात, आणि उन्हाळ्यातही ऊस हिरवा राहतो. सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. मात्र एक गोष्ट आपण विसरतो. दुष्काळाला भरलेला तलाव लागतो, तर पुराला रिकामी जागा. काठोकाठ भरलेले धरण पूर अडवीत नाही, वरून आलेले पाणी खाली सोडून देते. केव्हा भरायचे आणि किती जागा राखायची, हा हिशेब माणसानेच करायचा असतो.

त्या वर्षी पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन ओसरले. तानपुरा वाचला. कित्येकांची घरे वाचली नाहीत.

गुरूने अर्धी शिकविलेली चीज शिष्याने पुरी करावयाची, हा आमच्या घरचा रिवाज. महाराजांनी दुष्काळासाठी घातलेली भिंत पुढच्यांनी पुरी केली. पुराचा हिशेब पुरा करणे आपल्याकडे आले आहे.