तीन मिनिटांत मावलेला सूर

गाण्याच्या तबकडीला डावे-उजवे नव्हते, त्या काळातले अब्दुल करीम खाँ. स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ साली. तोवर खाँसाहेबांना जाऊन एकवीस वर्षे झाली होती. तरी आजही पुण्यातल्या कितीतरी घरांत त्यांचा सूर लागतो आणि बोलणी थांबतात.

१८७२ साली उत्तरेतल्या कैराना गावी जन्मलेला हा गवय्या बडोदा दरबारी आला आणि तिथून ताराबाई मानेंना घेऊन बाहेर पडला. पुढे मिरज त्यांचे घर झाले. १९१० साली बेळगावात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले आणि १९१३ साली ते पुण्यात आणले. गरीब मुलांना ठेवून घ्यायचे, शिकवायचे आणि खर्चासाठी स्वतः तिकिटाचे जलसे करायचे, असा तो संसार होता. तंबोरा जुळवण्यात त्यांचा वेळ जाई. स्वर मनासारखा लागल्याशिवाय गाणे नाही.

१९२२ साली घर मोडले. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्याच मुलांतले सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे पुढे नामवंत झाले. बापाचे घराणे मुलांच्या गळ्यात राहिले, बापाचे नाव मात्र राहिले नाही.

१९०५ च्या सुमारास कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्या त्यांच्या तरुणपणीच्या. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी मायक्रोफोनपुढे ते पुन्हा गायले. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. तासभर फुलणारा राग त्यात कसा बसवायचा? खाँसाहेबांनी तो बसवला. झिंझोटीतली त्यांची ठुमरी ऐकून गदगचा एक मुलगा घर सोडून गुरू शोधायला निघाला. तो भीमसेन जोशी. त्यांना गुरू लाभले ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात महोत्सव सुरू झाला. तीन मिनिटांच्या तबकडीने केवढे काम केले!

आता ही गाणी ऐकायची कशी? एकच आवाज दोन स्पीकरांतून सोडला, की बरोबर मध्ये बसणाऱ्याला गवई समोर दिसतो. सोफ्याच्या कडेला बसलेल्या आजीला मात्र तो जवळच्या स्पीकरात सरकलेला वाटतो. होम थिएटरमधला मधला स्पीकर संवादासाठी, म्हणजे माणसाच्या आवाजासाठीच असतो. त्या एकट्यातून खाँसाहेब लावून पाहा. घरातल्या सगळ्यांना ते एकाच जागी बसलेले ऐकू येतील. मात्र आडव्या खोक्यात मधल्या बारीक स्पीकरच्या दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर असले, तर कडेला बसणाऱ्याला आवाजाचा काही भाग दबलेला लागतो. जागा असेल तर खोके उभे करावे, बारीक स्पीकर कानाच्या उंचीवर आणावा. असेच दोन मधले स्पीकर उभे करून स्टीरिओ ऐकता येतो. फक्त दोन्ही एकाच जातीचे हवेत आणि खर्जाला वेगळा सबवूफर असला तर बरे.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीला जाताना मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनावर खाँसाहेबांनी देह ठेवला. प्रकृती बिघडली म्हणून गाडीतून उतरले होते. फलाटावरच देवाचे नाव गात गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी गवई हजेरी लावतात. तिथे जाणे जमत नसेल त्याने रविवारी सकाळी मधला स्पीकर तेवढा चालू ठेवावा.