अंधारातली झोपडी : कलामहर्षी बाबूराव पेंटर

(द्वितीय वर्ष, कला)

पदवी म्हणजेच शिक्षण असे आपण धरून चालतो. परंतु ज्यांना शाळेचे शिक्षण फारसे लाभले नाही, अशा एका माणसाने महाराष्ट्राला चित्रपटाकडे कसे पाहावे हे शिकविले. ते म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कुशल कारागीर होते. लाकूड, धातू आणि रंग यांच्या सहवासात हा मुलगा वाढला. आतेमामेभावंडांत शोभावी अशी जोडी त्यांची आणि आनंदराव यांची जमली. दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, दरबाराचा पडदा! या कामामुळे लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. पण १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूराव खचले नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन त्यांनी स्वतःच कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ हा पहिला मूकपट पडद्यावर आला. चित्रीकरणापूर्वी प्रसंगाची रेखाटने काढण्याची त्यांची पद्धत होती. आयुष्यभर पडदे रंगविलेल्या या माणसाने चित्रपटातून मात्र रंगविलेले पडदे काढून टाकले आणि त्या जागी खरीखुरी वाटणारी घरे उभी केली!

१९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हा त्यांच्या कर्तृत्वाचा कळस होय. कथा नारायण हरी आपटे यांची. आपट्यांचा जन्म सांगलीजवळच्या समडोळीचा, आणि पुढे ते सातारा जिल्ह्यातील कोरेगावी स्थायिक झाले. म्हणजे ही गोष्ट आपल्याच मातीतून उगवली. सावकार लबाडीने शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

सावकारीचे हे दुखणे आपल्याकडे जुने आहे. १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, तो लागू झालेल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. तासगाव, खानापूर, वाळवा हे आजचे सांगलीचे तालुके त्या वेळी साताऱ्यातच मोडत. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पण ‘गहाणखत’ हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकला होता. म्हणूनच या चित्रपटातील एका दृश्याचे वर्णन वाचले, ते मनातून जात नाही.

अंधारात बुडालेली एक उदास झोपडी आणि भेसूर रडणारे एक कुत्रे. एवढेच ते दृश्य! चित्रपट मुका, म्हणजे ते रडणे ऐकू येणार नव्हते, दिसणार होते. कुत्रे रडले की गावात अशुभ मानतात, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. घरातली माणसे न दाखवता घरावर आलेली अवकळा बाबूरावांनी दाखविली. काय दाखवायचे याइतकेच काय अंधारात ठेवायचे, हे त्यांना कळले होते.

प्रेक्षकांना मात्र पौराणिक आणि ऐतिहासिक चमत्कृतीची चटक लागलेली होती. ‘सावकारी पाश’ चालला नाही. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळींनी बाहेर पडून ‘प्रभात’ काढली. बाबूरावांची कंपनी पुढे बंद पडली. तरीही १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलपट म्हणून केला. लोकांनी नाकारलेल्या विषयाकडे पुन्हा वळायला धैर्य लागते. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

आज आपल्या बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे. गावी गेलो की पडका सोपा, शेणाने सारवलेले अंगण, कौलांमागे बुडणारा सूर्य यांची छायाचित्रे आपण हौसेने काढतो. ती सुंदरही दिसतात. परंतु ते घर पडके का झाले, त्यातली माणसे कुठे गेली, हे त्या चित्रात येते काय? बाबूरावांच्या झोपडीत ते आले होते.