सर जॉन कॉक्रॉफ्ट : पायरीपायरीने चढलेला शास्त्रज्ञ

आमचे सिल्वासा हे धाग्याच्या कारखान्यांचे गाव. जॉन कॉक्रॉफ्ट हेही सूतगिरणीवाल्यांच्या घरातले, हे वाचले आणि ते मला जवळचे वाटू लागले. इंग्लंडमधील टॉडमॉर्डन येथे २७ मे १८९७ रोजी त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात संदेशवहनाचे काम करीत. पुढे मँचेस्टरला विद्युत अभियांत्रिकी व केंब्रिजला गणित शिकून ते रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

अणुगर्भ फोडण्यास प्रचंड विद्युतदाब लागेल असा तेव्हा समज होता. १९२८ मध्ये गॅमो यांच्या गणितावरून कॉक्रॉफ्ट यांनी ताडले, की काही लाख व्होल्टही पुरतील. पण तेवढे तरी आणायचे कोठून?

येथे अभियंता कामी आला. डायोड म्हणजे विजेला एकाच बाजूने जाऊ देणारे दार आणि कपॅसिटर म्हणजे तिची घागर. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या अर्ध्या फेरीत पहिला कपॅसिटर शिखर-दाबापर्यंत भरतो. दिशा उलटली की त्याचा दाब आणि पुरवठ्याचा दाब यांची बेरीज होते व दुसरा कपॅसिटर दुप्पट दाबाला भरतो. दार बंद असल्याने भरलेले मागे सांडत नाही. घरच्या २३० व्होल्टचे शिखर सुमारे ३२५. एका जोडीत ते जवळजवळ ६५० होते. अशा जोड्या एकावर एक रचीत जायचे. अर्थात फुकट काहीच नाही. दाब वाढतो, तसा मिळणारा प्रवाह घटतो. ही मूळ युक्ती स्विस शास्त्रज्ञ ग्रायनाखर यांनी आधीच मांडली होती. कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी ती लाखांच्या घरात नेली.

१४ एप्रिल १९३२ रोजी त्यांच्या वेगवान प्रोटॉनांनी लिथियमचा अणुगर्भ फोडला. १९५१ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही पुढे याच धर्तीचे यंत्र बसले.

मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. विंडस्केलच्या अणुभट्ट्यांच्या धुराड्यांवर गाळण्या बसवाव्यात असा त्यांनी आग्रह धरला. खर्च वाढला, लोक हसले. १९५७ मध्ये तेथे आग लागली, तेव्हा पुष्कळसे किरणोत्सर्गी कण त्याच गाळण्यांनी अडवले.

१८ सप्टेंबर १९६७ रोजी ते वारले. शक्ती थेंबाथेंबाने साठवता येते, हे त्यांनी दाखवले. आणि ती सांडू नये म्हणून दार आधीच लावून ठेवावे लागते, हेही.